पुण्याचे पाणी आणि पाण्यातला मासा



कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने या व्यासपीठावरून माशांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचन मंदिरात. प्राणिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु मासा धरून पोट भरणारा भोई हाही कष्टकरीच आहे, आणि मासा नाहीसा झाला म्हणजे एक सबंध धंदा बुडतो. गिरणी बंद पडते तेव्हा तिच्या फाटकावर निदान नोटीस तरी लागते. नदी बंद पडली तर तेवढेही होत नाही. पुण्याच्या पाण्यातला मासा कसा गेला, कोणामुळे गेला आणि तो परत आणता येईल काय, या तीन प्रश्नांचा इतिहासाच्या आधारे विचार करावा, असा माझा मानस आहे.

प्रारंभ दोनशे वर्षांपूर्वीपासून करू. १८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या सरकारला जिंकलेल्या मुलखाची मोजदाद हवी होती, म्हणून मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. हा गृहस्थ दख्खनभर हिंडला. माणसे, जमिनी, पिके यांच्या जोडीला त्याने पक्षी आणि मासेही टिपून ठेवले. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे आला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जाती आपल्या मुळा-मुठेतल्या, इंद्रायणीतल्या, भीमेतल्या आणि घोडनदीतल्या आहेत.

या निबंधातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. साइक्सने माशांना नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली आणि ती शास्त्रीय लॅटिन नावांत बसवली. इंद्रायणीतल्या एका माशाच्या नाकाडावर खोल खाच असते. त्याचे शास्त्रीय नाव ‘नुक्ता’. आपल्या ‘नकटा’ या शब्दाचे ते साहेबी रूप आहे, हे सांगायला भाषापंडिताची गरज नाही. पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत त्याला जो मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला, त्याचे नाव ‘खुद्री’. महसीरांपैकी हा मासा, आपले भोई याला खडशी म्हणतात. जगातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयात हा मासा असला तर त्याच्या पाटीवर आजही हेच नाव असते. भोई बिचारा निरक्षर, त्याचे स्वतःचे नाव कोठल्या कागदावर आले नाही; पण त्याने ठेवलेले माशाचे नाव साऱ्या जगाने मान्य केले.

आता हा खडशी मासा कसा राहतो, ते पाहू. तो चांगला हातभर आणि त्याहूनही लांब वाढतो. त्याला वाहते, थंड, स्वच्छ पाणी लागते. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि गोट्यागोट्यांच्या तळावर अंडी घालतो. असा मासा पुण्याच्या खाली काही मैलांवर सापडत होता, याचा अर्थ काय? याचा अर्थ एवढाच, की पेशवाईच्या राजधानीचे शहर वर वसलेले असूनही शहराखालची नदी जिवंत होती. मासा हा नदीचा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष फिरवता येत नाही.

पेशव्यांच्या काळी पुण्याला पाणी लागत नव्हते काय? अवश्य लागत होते. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला बांध घालून तलाव केला आणि तेथून जमिनीखालच्या दगडी नळातून, ठिकठिकाणी उसासे ठेवून, पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. पर्वतीखाली तळे खोदले ते वेगळेच. परंतु हे पाणी ओढ्याचे होते, घागरीने मोजून वापरले जात होते, आणि वापरलेले पाणी परसातल्या केळीला किंवा अळूला जात होते. मुठेचा प्रवाह कोणी अडवला नव्हता.

तो अडवला गेला इंग्रजी अमदानीत. खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ ला सुरू झाले आणि १८७९ ला पुरे झाले. आपली ही वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली; म्हणजे पहिली व्याख्याने झाली त्या दिवसांत तिकडे धरणाची भिंत चढत होती. धरण शहराला पाणी देणारे, कालव्यावरच्या शेतीला पाणी देणारे, त्यात वाईट काय? त्या धरणाच्या पाण्यावरच आपण सारे वाढलो, त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण वर चढू पाहणाऱ्या माशाला त्या दिवशी वाट बंद झाली, हेही नोंदवले पाहिजे. पुढे १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट आणि मावळे शेतकरी हरले, धरण झाले, आणि मुळेचे वरचे पाणी वीज करण्यासाठी घाट उतरून भिऱ्याला जाऊ लागले. ते पाणी पुण्याकडे पुन्हा येत नाही. शेतकऱ्यांची जमीन गेली ती आपल्याला इतिहासात शिकवतात. नदीचे पाणी गेले ते मात्र शिकवत नाहीत.

तरीही मासा लगेच गेला नाही. १९४० च्या दशकात फ्रेझर आणि सूटर यांनी, आणि १९६३ साली आपल्याकडच्याच टोणपी-मुल्हेरकर यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. २००३ साली घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळा-मुठेची पुन्हा पाहणी केली. जुन्या यादीवर नवी यादी ठेवून पाहिली की दोन गोष्टी दिसतात. जुन्यांपैकी अनेक जाती शहराच्या पट्ट्यात पुन्हा सापडल्या नाहीत, आणि बाहेरून आणून सोडलेल्या जातींची भर पडली. म्हणजे खरा घात झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या दोन पिढ्यांत. आपल्या डोळ्यांदेखत झाला.

या दोन पिढ्यांत काय घडले? १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा शहराची वस्ती सुमारे पाच लाख होती. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ पासून औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पवनेच्या काठी एक दुसरे शहर वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासलाही फुटले. तो आघात पचवून पुणे पुन्हा उभे राहिले आणि अधिकच वेगाने वाढले. पानशेत पुन्हा बांधले, वरसगाव झाले, टेमघर झाले. २०११ च्या जनगणनेत पुण्याची वस्ती ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख भरली. २०२१ साली आणखी २३ गावे पुण्याच्या हद्दीत आली. घरे आधी झाली, रस्ते मागून आले, आणि ड्रेनेज सर्वांत शेवटी आले किंवा आलेच नाही.

आता थोडा हिशेब मांडतो. आमच्या चळवळीत बोनसच्या वाटाघाटीला बसताना ताळेबंद वाचावा लागतो, ती सवय इथे उपयोगी पडते. सरकारी मापाप्रमाणे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ऐंशी टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते, असे मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. ४८ लाख माणसांचे मैलापाणी दिवसाला सुमारे ५२ कोटी लिटर झाले. आता माशाची बाजू पाहू. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. आपल्या हवेत स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात हा प्राणवायू आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आणि एक लिटर घरगुती मैलापाणी कुजताना दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्राणवायू खाऊन टाकते. आठाने दोनशेला भागा. एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा श्वास संपवते. दोन शहरांचे एका दिवसाचे मैलापाणी तसेच सोडले, तर ते १३०० कोटी लिटर पाणी निर्जीव करू शकते. खडकवासल्याच्या तलावात सुमारे दोन टीएमसी, म्हणजे साधारण ५६०० कोटी लिटर पाणी मावते. चार-साडेचार दिवसांत तो सबंध तलाव संपला!

अर्थात सगळेच मैलापाणी तसे सोडले जात नाही. शुद्धीकरण केंद्रे आहेत, तिथे आपलेच कामगार रात्रंदिवस राबतात. पण जेवढे राहते तेवढे पुरेसे आहे, कारण पाणी पातळ करायला नदीत पाणीच उरलेले नाही. उन्हाळ्यात मुठेचे पाणी धरणातून नळात आणि कालव्यात जाते. शहरातून जी वाहते ती आपण नदी म्हणतो. तिच्यातले बहुतेक पाणी आपल्याच मोऱ्यांतून आलेले असते.

तलावांची कथा याहून वेगळी नाही. रामनदीवरचा पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानीत झाला आणि त्याचे पाणी गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्याला जात असे. आज भोवती वसाहती उठल्या आहेत, आणि त्यांचे सांडपाणी ओढ्यावाटे तलावात उतरते. सांडपाण्यात नत्र असते, कपड्यांच्या साबणातले व पावडरीतले फॉस्फेट असते. शेतकऱ्याला विचारा, हे खत आहे. तलावाला खत घातल्यावर तलावात पीक येणारच. ते पीक म्हणजे शेवाळ आणि जलपर्णी. जलपर्णी पाणी झाकते, ऊन तळाशी जाऊ देत नाही, मरते, कुजते, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते. दर वर्षी पैसे खर्चून आपण जलपर्णी काढतो. खत घालणे चालू ठेवून पीक उपटत बसण्यासारखे हे आहे. कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याला आपण दोन्ही अंगांनी आवळत आणले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसे गेली. पाण्याची जागा बळकावली की माशावर जे संकट येते, ते माणसावरही येते.

अशा पाण्यात कोणता मासा टिकतो? १९५२ साली भारतात तिलापिया हा आफ्रिकेतला मासा आणला गेला. आपले भोई त्याला चिलापी म्हणतात. थोड्या प्राणवायूवर तो भागवतो, वर्षातून अनेकदा वितो, आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. त्याला ना पूर लागतो, ना गोट्यांचा तळ. खडशी गेला, नकटा दुर्मिळ झाला, त्यांच्या जागी चिलापी आला.

पुण्याचे पाणी पुण्यात संपत नाही. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. आणि भीमा जाते उजनीला. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. गावे उठली, जमिनी बुडाल्या, आणि भिगवणपासून करमाळ्यापर्यंतच्या त्या विस्तीर्ण पाण्यावर भोई कुटुंबांनी धंदा मांडला. आज भिगवणच्या बाजारात पाहावे तर चिलापीचे ढीग पडलेले असतात. वाम, मरळ यांना भाव जास्त, पण ते जाळ्यात कमी. चिलापी भरपूर, पण त्याला भाव कमी. म्हणजे ज्याने पूर्वी दोन चांगल्या माशांत दिवस काढला, त्याला आज टोपलीभर मासा ओढावा लागतो. आमच्या भाषेत याला काम वाढवून मजुरी तीच ठेवणे म्हणतात. कारखान्यात असे झाले तर संघटना दाराशी उभी राहते. भोयाची मजुरी कापणारा मालक मात्र त्याला दिसतच नाही. तो शे-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात राहतो आणि सकाळी नळ सोडतो. शिवाय उजनीचेच पाणी सोलापूरकर पितात, हेही विसरता कामा नये.

आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हे कोणामुळे झाले? पुण्यात कोणालाही विचारा, उत्तर एकच: लोकसंख्या वाढली, बाहेरून माणसे आली. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे उत्तर फार घातक असते. माणसे वाढली हे खरे. पण ती आली कोठून आणि कशासाठी? कोकणातून, मराठवाड्यातून, सोलापुराकडून ती आली, कारण इथल्या कारखान्यांना आणि इमारतींच्या कामांना हात हवे होते. त्यांच्या श्रमावर हे शहर श्रीमंत झाले. सार्वजनिक नळावरून चार घागरी पाणी नेणारी बाई आणि बंगल्यातली हिरवळ रोज शिंपणारा गृहस्थ, दोघे जनगणनेत एक-एकच मोजले जातात. नदीच्या खात्यावर मात्र त्यांची नावे सारखी नाहीत. वसाहत बांधून नफा घेऊन गेलेला, पण ड्रेनेजची जोडणी न केलेला बांधकामदार तर त्या गल्लीत राहतही नाही, म्हणून तो लोकसंख्येत धरलाच जात नाही!

संख्या एवढेच कारण असते तर लंडनचे काय झाले असते? १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी एवढी झाली की पार्लमेंटचे कामकाज चालवणे कठीण झाले. मग मोठी गटारे बांधली गेली. तरी शहर वाढतच होते, आणि १९५७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी शहरातली थेम्स जीवशास्त्रीय दृष्ट्या मेली आहे असे जाहीर केले. पुढे मैला शुद्ध करण्याची केंद्रे सुधारली. १९७४ साली त्या नदीत सामन मासा सापडला, आणि त्यानंतर शंभराहून अधिक जातींची नोंद झाली. लंडनची वस्ती त्या वेळी सत्तर लाखांच्या वर होती. माणसे तिथेच राहिली आणि मासा परत आला.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या मधल्या ईरी सरोवराचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. तिथे बास जातीचा मासा गळाने धरण्याचा लोकांना मोठा शौक. काठावर कारखानदार शहरे वाढली, धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट सरोवरात गेले, शेवाळाने पाणी हिरवे झाले, आणि १९६० च्या दशकात वर्तमानपत्रे ते सरोवर मेल्याचे लिहू लागली. १९७२ साली दोन्ही देशांनी करार केला, फॉस्फेट कमी केले, आणि मासेमारी सावरली. निळा पाइक नावाचा एक मासा मात्र कायमचा गेला. १९८३ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे शेतांतल्या खतावर लक्ष राहिले नाही, शेवाळ परत आले, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये टोलिडो शहराच्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. करारावर सह्या झाल्या म्हणजे लढा संपला असे समजणाऱ्या संघटनेची जी गत होते, तीच ईरीची झाली. मिळवलेले दर वर्षी राखावे लागते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्र सरकारने १९७४ साली. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ साली झाला, त्यात अकरा नवी केंद्रे होती. प्रत्यक्ष बांधकामाला हात लागायलाच पुढची कैक वर्षे गेली. दरम्यान २०२२ साली नदीकाठ सुशोभित करण्याच्या कामाचे भूमिपूजनही झाले. काठावर फिरायला जागा हवी, याला माझा विरोध नाही. पण मासा काठावर राहत नाही, पाण्यात राहतो. आधी पाणी, मग काठ, हा क्रम कोणत्याही गवंड्याला समजेल.

मासा परत आणता येईल काय? लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली आणि त्याची पिले देशातल्या अनेक जलाशयांत गेली. म्हणजे बी शिल्लक आहे. वाण आहे ती पाण्याची. त्यासाठी नागरिकांनी चार मागण्या लावून धराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, ज्या वस्तीचे ड्रेनेज शुद्धीकरण केंद्राला जोडलेले नाही, तिथे नव्या इमारतीला परवानगी नको. दुसरी, प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे दर आठवड्याला केंद्राच्या दारावर, मराठीत, लावावेत. तिसरी, उन्हाळ्यातसुद्धा धरणातून नदीसाठी म्हणून ठरावीक पाणी सोडावे. चौथी, पाण्याच्या वाटपाची बैठक होते तिथे भिगवण-इंदापूरच्या मच्छिमार सोसायट्यांचा माणूस बसलाच पाहिजे. ज्याचे पोट पाण्यावर, त्याचा पाण्यावर शब्द.

चेंबरमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारांबरोबर मी अनेक वर्षे काम केले आहे. शहर वापरून काय टाकते, ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. पालिकेने एक दिवस त्यांना आणि उजनीच्या भोयांना एका सभेत बोलवावे आणि नदीचा हिशेब त्यांच्याकडून ऐकावा. तशी सभा याच व्यासपीठावर पुढच्या वर्षी भरवता आली, तर ती माझ्या आजच्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी होईल.